छपरावरची माती

नलिनी गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या सकाळी मी तिच्या छपरावरच्या बागेला पाणी घालत होतो. शेवटचा महिनाभर तिला घास गिळता आला नव्हता. तेरावा झाल्यावर मी झाडांना भरवू लागलो. चार बोटं मातीतल्या त्या झाडांना ती वर्षातून एकदाच मूठभर खत द्यायची. मी दर रविवारी दिलं. झाडं आधी तरारली, मग करपली.

तिची बहीण बघायला आली. मातीवर खताचा पांढरा थर होता.

"भाऊजी, ताई ह्यांना मुद्दाम उपाशी ठेवायची. तुम्ही लाडानं मारलंत." मग हळूच म्हणाली, "भरपूर पाणी सोडून माती धुवा. मुळं जिवंत असतील."

त्याला पंधरा दिवस झाले. पाइप जिन्यातच आहे. माती अजून धुवायची आहे.