तपकिरीच्या पुढे

"बस, बस! हाच छान आहे," आई घाईघाईने म्हणाली.

द्रावणात बुडवलेल्या टायटॅनियमच्या नळीवर नुकताच तपकिरी रंग चढला होता. तिच्या मुलीच्या कृत्रिम पायात बसवायची ती नळी. हा रंग कातडीशी मिळताजुळता होता, चटकन कोणाच्या नजरेत भरला नसता. आईला नेमकं तेवढंच हवं होतं.

रंगवालीने बटणावरचा हात काढला नाही. सगळे तिला रंगवाली म्हणत, पण तिच्या कारखान्यात ना रंगाचा डबा होता ना ब्रश. विजेचा दाब वाढवत नेला की हा धातू आपणहून एकेक रंग धरतो, एवढीच तिची विद्या, आणि त्या विद्येवर तिचा गाढ विश्वास. नियमही एकच. ज्याची वस्तू, त्यानेच 'बस' म्हणायचं.

"नळी कोणाची?" तिने विचारलं.

कुबडीला टेकून उभी असलेली मुलगी म्हणाली, "माझी."

"मग तू बोल. पण एक ऐक, रंग पुढे जातो, मागे येत नाही. तपकिरी गेला की गेला."

"अहो ताई, तिला काय विचारता? लहान आहे ती," आई म्हणाली. "कॉलेजात सगळे टकामका बघत बसतील."

"ते आताही बघतातच की," मुलगी म्हणाली. "वाढवा, ताई."

रंगवाली मनातून खूश झाली. तिने बटण फिरवलं. तपकिरी गेला, जांभळा आला, मग गडद निळा. आईने कपाळाला हात लावला.

"अगं, हे लांबून दिसेल!"

"दिसू दे."

सोनेरी आला, गुलाबी आला, तरी पोरगी काही 'बस' म्हणेना. एव्हाना आईही मान पुढे काढून बघत होती. मोरपिशी हिरवा उमटला तेव्हा कुठे मुलगी "बस!" म्हणाली, तेही अशा आवाजात की पलीकडच्या यंत्रावरचा माणूस दचकून वळला.

रंगवालीने नळी धुतली, पुसली आणि मुलीला दिली. आईने ती तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. उजेडात तिरकी केली की हिरव्यातून गुलाबी झाक उठत होती. आईने ती इकडून फिरवली, तिकडून फिरवली. गाल अजून फुगलेलेच होते.

"घरी चल," शेवटी ती म्हणाली. "तुझ्या सगळ्या पँटी गुडघ्यापर्यंत कापायच्यात."