अप्पांच्या मापाचा शर्ट

खड्डा उकरायला हिला आजचाच दिवस सापडला, असं प्रभुलिंगअप्पांच्या मनात आलं. थोड्या वेळात रिक्षा येणार होती. आज सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात दाखल व्हायचं, उद्या छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन. आणि त्यांची लेक वैजयंती ओढणी खोचून परसात खुरपं चालवत होती.

मुदत भरली, एवढंच ती म्हणाली. मातीत कुजून जाईल असं कापड तिनं स्वतः तयार करून घेतलं होतं आणि त्याचा एक शर्ट काही महिन्यांपूर्वी तिथं पुरला होता. सोलापूरचं ऊन दर साली चढतंय, न कुजणाऱ्या कपड्यांचे जगभर डोंगर साचलेत, तेव्हा वापरून झालेलं कापड निमूट मातीत जायला हवं, हे तिचं म्हणणं अप्पांना पटलं होतं. हौसेनं त्यांनी त्या शर्टाला स्वतःचं माप दिलं. वर मातीही त्यांनीच लोटली, आणि ‘माज्याआधी माजा शर्ट गेला’ म्हणत सगळ्या शुक्रवार पेठेला हसवलं. तेव्हा छातीत पहिली कळ अजून यायची होती.

वैजयंतीनं माती चाळणीतून चाळली आणि ओंजळ पुढं केली.

“अप्पा, काहीच राहिलं नाही बघा. शिलाईचा दोरासुद्धा गेला.”

तिचा चेहरा उजळला होता. अप्पांना मात्र दुसरीच माती आठवली. त्यांच्यात, लिंगायतांत, माणूस जाळत नाहीत, मातीत बसवतात. किती भाऊबंदांवर त्यांनी मूठमूठ माती टाकली होती आणि घरी येऊन पोटभर जेवले होते. भीती कधी वाटली नव्हती. आज वाटली. त्या ओंजळीत त्यांचे खांदे होते, छाती होती, आणि काळी भुसभुशीत माती बोटांतून गळत होती.

हात धुऊन तिनं दवाखान्यात घालून जायला त्याच कापडाचा नवा शर्ट आणला. अप्पांचा हात बाहीत जाईना.

“ह्यो नको,” ते म्हणाले. “माजा तो जुना टेरिकॉटचा दे.”

तो शर्ट तिच्या पिशवीतच होता. कॉलेजात मुलींपुढं बोलताना न कुजणाऱ्या कापडाचा वाईट नमुना म्हणून ती तोच हातात धरून दाखवायची. एरवी तिनं बापाला चांगलं सुनावलं असतं. आज, या उन्हात अंगाची लाही होईल, एवढंच कसंबसं म्हणाली आणि शर्ट काढून आणला.

बटणं लावताना तिनं एक बटण चुकीच्या काजात घातलं, काढलं आणि पुन्हा चुकीच्याच काजात घातलं. सकाळपासून ही कधी खुरपं, कधी चाळणी हातात घेऊन का फिरतेय, ते अप्पांना आत्ता कळलं. घरात घाबरलेले ते एकटे नव्हते.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला.

“पोरीस्नी काय सांगतीस तू?” अप्पांनी विचारलं. “ह्यो शर्ट मातीत किती वर्सं टिकतो?”

तिचा हात वरच्या बटणाशी थांबला.

“दोनशे,” ती म्हणाली.

“परत सांग की,” अप्पा म्हणाले.