आधी डीबगर

"सही करू नका, देवरावजी," प्रोग्रामर लतिका म्हणाली.

देवरावांचं पेन कागदाला टेकलं होतं. मेमरी कार्डाचं सोल्डरिंग मी निष्काळजीपणे केलं, त्यामुळे संगणक सुरू होत नाही, म्हणून राजीनामा देतो, असं त्यावर टाइप केलेलं होतं.

"मग काय करू, मॅडम? तीनदा सोल्डरचे टाके तपासले मी. साहेब ऐकूनच नाही राहिले."

साहेब म्हणजे मुख्य अभियंता मनोहरराव; ते यंत्रापाशीच उभे होते. संगणकाचा मूळ प्रोग्राम, कर्नल, त्यांनी स्वतः लिहिला होता. हिंगणा रोडवरच्या त्या शेडमध्ये चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं, आणि यंत्र चालू केलं की पडद्यावर कंपनीचं नाव उमटून सगळं थिजत होतं.

"चूक कुठं आहे हे अजून कोणालेच माहीत नाही, साहेब," लतिका म्हणाली. "डीबगरले विचारू."

"डीबगर सगळ्यात शेवटी सुरू होतो. मशीन तिथपर्यंत पोचतच नाही."

"तेच तर म्हणून राहिली मी. चूक पकडणारा प्रोग्राम तुम्ही सगळं ठाकठीक झाल्यावर उठवता. मग त्याले काम काय उरते? त्याले आधी उठवा."

"आधी? तेव्हा पडदा-कीबोर्डाचं टर्मिनलसुद्धा जागं नसतं. बोलणार कोणाशी तो?"

"तेवढ्यापुरत्या वीस ओळी मी लिहिल्या आहेत. कर्नलच्या भरवशावर नाही राहत आता डीबगर."

"मी नाही म्हणालो होतो."

"हो. तीनदा."

तिनं पर्समधून काळ्या स्पंजमध्ये खोचलेली, बदललेला प्रोग्राम भरलेली चिप काढली. मनोहररावांनी यंत्रावर हात आडवा धरला.

"बोर्डाला हात लावला तर उद्यापासून येऊ नको."

लतिकानं बटण बंद केलं. त्यांच्या हाताखालून स्क्रू ड्रायव्हर घालून त्यांच्या प्रोग्रामची जुनी चिप उचकटली आणि आपली चिप अंगठ्यानं दाबून बसवली. देवरावांनी पेन खाली ठेवलं, पुढे झाले आणि बटण चालू केलं.

या वेळी कंपनीचं नाव आलं नाही. पडद्यावर फक्त एक बारीक खूण लुकलुकत राहिली. डीबगर जागा होता.

लतिका कर्नलला एकेक पाऊल पुढे नेऊ लागली. मेमरीचा पहिला भाग ठीक. दुसरा ठीक. देवराव पुटपुटत मोजत होते. सोळाही भाग ठीक निघाले, तेव्हा त्यांनी पाठ ताठ केली. डिस्कही ठीक. मग यंत्राच्या आतल्या घड्याळाची पाळी आली आणि यंत्र अडलं. पण आता कुठं अडलं त्या जागेचा आकडा पडद्यावर छापून अडलं.

तिनं छापील प्रोग्रामची चळत उलगडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"घड्याळ इथं चालू केलं. ठोका पडल्यावर काय करायचं, ते सांगणारा भाग मात्र अकरा ओळी खाली आहे. पहिला ठोका पडते अन् मशीन भलतीकडंच जाते."

ओळीशेजारी समासात मनोहररावांची आद्याक्षरं होती.

कूलरचं पाणी ठिबकत होतं. देवरावांनी राजीनाम्याचा कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात टाकला.

"तो इकडे दे," मनोहरराव म्हणाले.

"नाही देत, साहेब. माझं नाव आहे त्याच्यावर."

मनोहररावांनी चष्मा पुसला.

"ठीक आहे. त्या ओळी वरखाली कर," ते लतिकाला म्हणाले. "पण डीबगर परत शेवटी टाक. माझी रचना मला होती तशी पाहिजे."

लतिकानं मघाशी काढलेली त्यांची जुनी चिप उचलली. चिपेच्या इवल्या काचेच्या खिडकीवरचं, त्यांच्या अक्षरातलं लेबल नखानं सोलून काढलं. कोपऱ्यात चिपांतला प्रोग्राम पुसायची पत्र्याची पेटी होती, आत जांभळ्या दिव्याची. तिनं चिप आत ठेवली, झाकण लावलं आणि खटका फिरवला. फटीतून जांभळी रेघ बाहेर आली.

"पुसायले वीस मिनिटं लागतात, साहेब," त्यांच्यापुढे खुर्ची सरकवत ती म्हणाली. "बसा."