अकरावा झाडू

शनिवार, ३ सप्टेंबर २०२२, सकाळी साडेसहा. तैवानच्या थायनान शहरातील आमच्या वस्तीच्या मंदिरासमोर स्वयंसेवक दहा होते आणि झाडू अकरा. अकरावा झाडू वस्तीप्रमुख छ्यू यांचा. गटारे, दिवे, दाखले यांत त्यांचे काम चोख होते. परंतु दोन निवडणुका बिनविरोध जिंकल्यापासून तो झाडू कोराच राहिला होता. आदल्याच दिवशी आमच्यातील ज्येष्ठ स्वयंसेविका येन आजींनी त्यांच्याविरुद्ध उमेदवारी अर्ज भरला होता.

दुसऱ्या दिवसापासून छ्यू सर्वांच्या आधी हजर राहू लागले. वडाची पाने झाडताना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते वाकून नमस्कार करीत. आठवड्याभरात त्यांच्या तळहाताला फोड आले.

"आजी, ही खुर्ची गेली तर मी लोकांना तोंड कसं दाखवू?" एकदा त्यांनी काकुळतीने विचारले.

"रोज सकाळी इथेच दाखवा की. आता सवय झालीच आहे," आजी म्हणाल्या.

मतदानाच्या दिवशी, २६ नोव्हेंबरलाही ते झाडायला आले. चेहरा पार उतरला होता.

"आजी, एवढं तरी सांगा, वस्तीतली मतं कुणाकडे झुकली आहेत?"

"मत गुप्त असतं, साहेब. तो वडाखालचा कोपरा राहिला बघा."

त्यांनी निमूटपणे तो कोपराही झाडला.

सायंकाळी निकाल लागला.


छ्यू यांना ९४६ मते मिळाली. येन आजींना शून्य; त्यांचे स्वतःचे मतसुद्धा नाही.