फुग्यातलं इंग्रजी

साहेबाच्या खोलीबाहेर केसर उभी होती आणि तोंडातल्या तोंडात इंग्रजी घोळवत होती. साहेबासाठी आणलेली पापलेटं दारातल्या शिपायानेच पाटीसकट ठेवून घेतली. एरवी तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, पण आज पाटी सोडून ती दाराशी सरकली.

तिचा नवरा सदा मागच्या कोठीत कोंडलेला होता. गुन्हा काय, तर रेवदंड्याच्या खडकांत सुकलेलं मीठ त्याने मासळी खारवायला घरी आणलं. दरसाल आणायचा. पण यंदा मिठावरून देशभर रण पेटलेलं, त्यामुळे मूठभर मीठ नेणारा कोळीही सरकारला बंडखोर दिसत होता. धरलेल्या माणसांना उद्या लाँचने नेणार, अशी बंदरावर कुजबुज होती. कुणी ठाण्याचा तुरुंग म्हणे, कुणी थेट काळं पाणी.

विनवणी करायची तर कुणाच्या तोंडून? दुभाषा कारकून तापाने अंथरुणाला खिळलेला. साहेब नवाकोरा, विलायतेहून नुकताच उतरलेला. कोळीवाड्यात इंग्रजी जाणणाऱ्या दोघीच. त्यातली वेणूबाई म्हातारी, तिला साहेबाच्या दारात उभं राहण्याचं धाडस होईना. राहिली केसर.

आता तिचं इंग्रजी म्हणजे काय, तेही सांगायला हवं. वेणूबाई मुंबईत गोऱ्यांच्या घरी आया होती. परतताना तिने तिथल्या मुलांनी टाकून दिलेली चित्रांची रंगीत पानं आणली. चौकटीचौकटीतून गोष्ट पुढे सरके, आणि माणसांचं बोलणं त्यांच्या तोंडातून निघालेल्या फुग्यांत लिहिलेलं असे. मासळी वाळत घातली की दोघी ती पानं घेऊन बसायच्या, आणि वेणूबाई तिला फुगे वाचायला शिकवायची. केसरला त्यांचा नादच लागला. चूल विझली तरी तिला पत्ता नसे, आणि सदा तिला कौतुकाने मडमीण म्हणायचा.

त्यातल्या एका जाड्या कप्तानाला मात्र ती टरकायची. त्याने दोन माणसं दोरीने बांधून गलबताच्या काठावर उभी केली होती. आम्हाला सोडाल का, असं त्यातला एक विचारत होता. कप्तानाच्या फुग्यात मोठी अक्षरं होती, हो हो हो. शहरातली माणसं म्हणतात तसं हो म्हणाला, सुटले बिचारे, असं समजून केसरने पान उलटलं, तर पाण्यावर नुसत्या दोन टोप्या तरंगत होत्या.

"ते हो म्हननं न्हाय गं," वेणूबाईने तिला समजावलं. "ते हसनं हाय. गोरा मानूस पोटातून हसला की तसा आवाज येतो."

ते पान केसरने पुन्हा उघडलं नाही.

शिपायाने आत जायची खूण केली. साहेब टेबलामागे बसला होता. तोही जाडाच होता, आणि उन्हाने लाल झाला होता. केसरने हात जोडले आणि घोकलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं.

"प्लीज सर. सदा माय मॅन. यू लेट हिम गो?"

साहेब तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याचे दात दिसले.

"हो, हो," तो मोठ्याने म्हणाला. "टुमॉरो."

टुमॉरो म्हणजे उद्या, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पुढे साहेब काय बोलला ते ऐकायला ती थांबलीच नाही. शिपायाकडची पाटीही न घेता ती धावत सुटली. डोळ्यांपुढे त्या दोन टोप्या येत होत्या.

दीर धर्माजीला तिने सगळं सांगितलं. तो आधी घाबरला, मग वहिनीचा चेहरा बघून मुकाट्याने होडी काढायला गेला. दिवेलागणीला भरतीचं पाणी कोठीच्या मागच्या भिंतीला लागलं. भिंत फळ्यांची होती आणि खाऱ्या वाऱ्याने कुजलेली. केसरने कोयता घालून दोन फळ्या उचकटल्या.

सदा आत बसला होता. तिला पाहून तो दचकलाच.

"केसर, हे काय करतेस? आधी ऐक..."

तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. तो मागे रेटत होता, मान हलवत होता. भीतीने याचं डोकं फिरलं, असं तिला वाटलं, आणि तिने त्याला दंडाला धरून ओढत बाहेर काढलं. तेवढ्यात कोपऱ्यावरून शिपाई आला. त्याने बंदूक खांद्यावरून काढली. केसरने होडीतलं वल्हं उचललं आणि सगळ्या ताकदीने त्याच्या डोक्यात घातलं. तो पाण्यात पालथा पडला. धर्माजीने त्याला ओढून कोरड्यावर घेतलं, पण तो काही हलला नाही.

कोर्लईचा डोंगर मागे पडला. आपण माणूस मारला, हे केसरला आत्ता कळत होतं.

"काय केलंस गं हे?" सदा म्हणाला. "का केलंस?"

"तुला उद्या नेनार होते. मी साहेबाला इचारलं, माझ्या मानसाला सोडशील का. तर हसला मेला. हो हो करून हसला माझ्या तोंडावर."

सदाच्या हातातलं वल्हं थांबलं.

"साहेब हसला न्हाय, केसर. त्याला मराठी शिकायची हौस हाय, सकाळधरनं माझ्याकडंच शिकत होता. येसला तुमच्यात काय म्हनतात, असं हातवारे करून इचारलंन. मी व्हय सांगनार होतो. मग म्हटलं, एवढा मोठा साहेब, त्याला शहरातल्यावानी बोलाय शिकवावं."