वाटेवरचे दोन माठ

“पाणी कोण ओतत होतं?” फायलीवरून नजर न उचलता ऊ सो पाइंग यांनी विचारले.

“मी,” दॉ ओन तिन म्हणाल्या. “वर्षभर. दुसऱ्या कुणाचा हात त्या माठांना लागू दिला नाही. या पोरीचासुद्धा.”

ही पोर एकोणचाळीस वर्षांची होती. तेत सु तिचे नाव. गावच्या शाळेत ती रसायनशास्त्र शिकवीत असे. तिच्याच शोधाला पेटंट द्यावे की नाही, हे ठरवण्यासाठी हे अधिकारी राजधानीहून इरावतीच्या मुखापर्यंत आले होते. परंतु आई बसलेली असताना तिने आधी बोलावे, अशी त्या घराची रीत नव्हती.

शोध दिसायला साधा होता. मठाच्या वाटेवर चिंचेखाली, वाटसरूंच्या तहानेसाठी ठेवतात तसे दोन माठ, एकावर एक. वरच्यात भाताच्या कोंड्यासह भाजलेले मातीचे गोळे आणि त्यांवर तेत सुने तयार केलेला लेप. वर तळ्याचे पाणी ओतायचे. दोन तासांनी खालच्या माठाची तोटी उघडायची. दर महिन्याला दोन बाटल्या बसने शहरातल्या प्रयोगशाळेत जात: एक तळ्याची, एक खालच्या माठाची. बाराही महिने तळ्याच्या बाटलीत जंतू सापडले. बाराही महिने माठाची बाटली निर्मळ निघाली.

“एकही जंतू नाही,” ऊ सो पाइंग म्हणाले. “असा कागद मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. रोज मोजून ओतत होतात ना, आजी?”

“सया, पाच लेकरं वाढवली, भाताची गिरणी चालवली. आता मला मोजायला शिकवता?”

“अमे!” तेत सु पुटपुटली.

“अमे काय? साहेबांनी विचारलं, आईनं सांगितलं.”

ऊ सो पाइंग मनापासून हसले. मुरवलेल्या चहापानांची बशी त्यांनी संपवली, खालच्या माठातले दोन पेले पाणी घेतले आणि कागदांखाली आपला शेरा लिहिला. पुढच्या पंधरवड्यात पेटंट मंजूर झाले.

पेटंटचा कागद हाती आला त्याच आठवड्यात समुद्राचे पाणी खालच्या बेटांवर चढले. पाणी ओसरल्यावर पटकी आली. बेटांवर कोरडी काडी उरली नव्हती. चुली पेटत नव्हत्या. तिसऱ्या बेटावर तेत सुची धाकटी बहीण न्वे यिन दोन मुलांना घेऊन राहत होती. तिच्या शेजारची तीन माणसे एका दिवसात गेली होती.

आरोग्य खात्याकडे पाण्यात टाकायच्या औषधी गोळ्या मोजक्याच होत्या. पेटंटचा कागद आणि बारा महिन्यांचे अहवाल पाहून तिथल्या डॉक्टरांनी तेत सुला बोलावले.

“गोळ्या सगळ्यांना पुरणार नाहीत,” ते म्हणाले. “त्या उत्तरेकडच्या गावांना देतो. बेटांवर तुमचे माठ जातील. चालेल?”

तेत सुने क्षणभर विचार केला. “चालेल,” ती म्हणाली.

गावातल्या भट्ट्या थंड होऊ दिल्या नाहीत. दहा दिवसांत माठांचे आठशे जोड तयार झाले. मातीच्या गोळ्यांना लेप देता देता तेत सुच्या बोटांची साले निघाली. नावा भरत होत्या तेव्हा ती काठावर उभी राहून नावाड्याला पुन्हा पुन्हा बजावीत होती, “पहिला जोड न्वे यिनच्या दारात. विसरू नका.”

“किती वेळा सांगशील, ताई? आता माझी बायकोसुद्धा झोपेत न्वे यिन, न्वे यिन करते.”

शेजारच्या दॉ सान यांचे लक्ष मात्र दॉ ओन तिन यांच्याकडे होते. “डोळे काय लाल झालेत हो! धाकटीसाठी रडलात वाटतं? तुम्हालाही रडता येतं, हे गावाला आज कळलं.”

“रडेल तुझी सासू. चुलीचा धूर गेलाय डोळ्यांत.”

“हो हो, धूरच तो,” दॉ सान म्हणाल्या आणि त्यांनी प्रेमाने आपला रुमाल पुढे केला.

चौथ्या दिवशी नावाडी परतला. सगळे माठ लागले होते. लोक तेच पाणी पीत होते. पहिला पेला न्वे यिनच्या मुलांनी घेतला होता. तेत सुने तिथेच काठावर बसून घेतले. कित्येक दिवसांनी ती त्या रात्री झोपली.

दुसऱ्या दिवशी दॉ ओन तिन यांनी मठात नऊ भिक्षूंना भोजन दिले. सारा गाव मांडवात जमला होता. वाटसरूंना पाणी पाजण्याचे त्यांचे एका वर्षाचे व्रत पूर्ण झाले होते. पुण्य पूर्ण झाले की करणाऱ्याने ते मोठ्याने सांगायचे आणि ऐकणाऱ्यांनी ‘साधू’ म्हणून त्याचा वाटा घ्यायचा, ही तिथली रीत. त्याआधी ते कसे केले हे घरच्या माणसापाशीही बोलले तर पुण्य हलके होते, असे दॉ ओन तिन यांच्या माहेरी मानीत. आणि माहेरची शिस्त त्यांनी जन्मात मोडली नव्हती.

तेत सु पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती. ज्येष्ठ भिक्षूंचे पठण सुरू झाले. दॉ ओन तिन यांनी झारीतले पाणी थेंबाथेंबाने वाडग्यात सोडले, पाठ ताठ केली आणि शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलू लागल्या.

“वर्षभर, एकही दिवस न चुकता, मी वाटसरूंना पाणी पाजलं. आपण पितो त्याहून दानाचं पाणी चांगलं असावं, असं माझ्या आईनं मला शिकवलं. तळ्याचं कच्चं पाणी दानाच्या माठात ओतायचं पाप मी एकदाही केलं नाही. रोज पहाटे, ही पोर उठायच्या आत, मोठ्या हंड्यात ते खळखळा उकळलं, निववलं आणि मगच वरच्या माठात ओतलं. या पुण्याचा वाटा सर्वांनी घ्यावा, घ्यावा, घ्यावा.”

“साधू, साधू, साधू,” सारा मांडव एका सुरात म्हणाला.