पायांचं माप

"मावला, बाई! झोका मावला!" भूमिका झोक्यावरून ओरडली. तिच्या चपलेचं टोक पुढच्या पांढऱ्या गाडीच्या दिव्यापासून वीतभर अलीकडे थांबलं आणि मागे गेलं.

लताबाईंनी झोक्याची वाट पाहत बसलेल्या बायांकडे पाहिलं.

धुळ्याच्या त्या गल्लीतल्या निंबाखाली एरवी गाड्याच उभ्या असत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी यायच्या आणि झोका न खेळताच परत जायच्या. निवृत्त झाल्या तरी मास्तरकी न सुटलेल्या लताबाईंनी यंदा गल्लीतल्या पोरांकडून महापालिकेला अर्ज लिहून घेतला. तीनदा खोडून, चौथ्यांदा. दोन गाड्यांच्या जागेत एका दिवसाची बाग. परवानगी सकाळी सात ते संध्याकाळी सहा. पोरांनी तेलाच्या डब्यांतली केळीची रोपं मांडली, सतरंज्या अंथरल्या, दोर बांधला. जागेचं सगळं गणित दहा वर्षांच्या भूमिकेकडे होतं. पाय पोचतात तिथे तिनं खडूनं रेघ मारली.

"झोक्यावर बसणार कोण गं?" लताबाईंनी सहज विचारलं.

"लेकी."

भूमिकेनं सतरंजीकडे पाहिलं. जामनेरहून आलेली कोकिळा पाय लांब करून मेंदी वाळवत बसली होती. भूमिकेनं तिचे पाय पाहिले. मग स्वतःचे.

"बाई," ती हळूच म्हणाली, "दोर नीट मोजला. पाय माझेच धरले."

"मग?"

"ती गाडी हलवावी लागेल."

गाडी हितेंद्रची. बागेच्या खुणेबाहेर उभी, म्हणजे नियमात. तो ओट्यावर चहा पीत होता. "परवानगी दोन गाड्यांची आहे, माझी तिसरी. आज गाडी म्हणताय, उद्या म्हणाल घर सरकव."

शेजारच्या ओट्यावरून भिकुबाई आजी कडाडल्या, "हाई गाडी शे का जवाई? उठाडाले बी मानपान लागस!"

गाडीला जावयाचा मान म्हटल्यावर बाया हसल्या. हितेंद्र आणखीच ताठला.

"बाई, तुम्ही सांगा ना," भूमिका कुजबुजली. "तुमच्याच वर्गात होते ना ते?"

होता. चौथीत, तेराच्या पाढ्याला अडायचा. अजूनही एका शब्दावर उठला असता. तो शब्द लताबाईंच्या जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला.

"गणित तुझं आहे. तूच पटवून दे."

भूमिकेनं तळहात फ्रॉकला पुसले आणि ओट्यापाशी गेली. "काका, गाडी नका हलवू. एकदा झोक्यावर बसा फक्त."

"मी? आखाजीला? मी काय लेक आहे का?"

"बस रे भाऊ," कोकिळा म्हणाली, "तुला कोण सासरी धाडतंय!"

गल्ली हसली, तसा तोही हसला आणि येऊन बसला. पोरींनी झोका दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी रेघ कधी मागे पडली कळलंच नाही. त्याचा पाय थेट गाडीच्या दिव्यावर चालला.

"ए, थांबवा! दिवा फुटेल, थांबवा!" पाय पोटाशी घेऊन तो लोंबकळत राहिला. भिकुबाईंना हसून हसून ठसका लागला.

खाली उतरून हितेंद्रनं खडूची रेघ पाहिली, स्वतःचे पाय पाहिले. मग लताबाईंकडे पाहिलं. त्या केळीच्या पानावरची धूळ पुसत होत्या.

"किती जागा लागेल गं?" त्यानं भूमिकेला विचारलं.

"पाच फूट. पण तुम्ही गाडीच काढा. जोर कुणाचा किती, ते मोजलेलं नाही."

तो किल्ली आणायला आत गेला.

गाडी गल्लीच्या टोकाला गेली. भूमिकेनं पाच फूट पुढे नवी रेघ मारली. कोकिळा झोक्यावर बसली, बायांनी गाणं धरलं. झोका चढत गेला, बांगड्या किणकिणल्या आणि तिच्या टाचा नव्या रेघेच्याही हातभर पुढे गेल्या. रेघेपाशीच लहान पोरं बसलेली. लताबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं.

भूमिका आधीच वाकली होती. तिनं पोरांना मागे सारलं, तळहातानं रेघ पुसली आणि दोन हात पुढे दुसरी ओढली. बाईंकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

लताबाईंनी लागलंच तर रेघ दुरुस्त करायला मुठीत धरलेला दुसरा खडू पिशवीत टाकला, पदर खोचला आणि त्या झोक्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.